उंच पिवळे कोनफ्लॉवर : नेमका कोणता लावायचा, आणि तो आडवा का पडतो?

रानफूल

वाफा ३ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, मागे भिंत. सकाळी नऊ ते दुपारी चार ऊन. माती चिकण : पाऊस झाला की दोन दिवस पायाला चिकटते, नंतर तडकते. मागच्या रांगेत छाती-डोक्याइतके उंच, खाली झुकलेल्या पाकळ्यांचे पिवळे कोनफ्लॉवर लावायचे आहेत. पण बियांच्या पाकिटावर एक नाव, रोपाच्या पट्टीवर दुसरं आणि फोटोत तिसरंच झाड, असा गोंधळ आहे.

तर प्रश्न असे. यातला कोणता या मातीत टिकेल? बी लावावं की रोप? आणि जिथे पाहावं तिथे ही झाडं पहिल्या वादळी पावसात लोळण घेतात असं वाचायला मिळतं, त्यावर आधार देण्याव्यतिरिक्त काही उपाय आहे का?

वाफसा

आधी नावं निस्तरू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ‘उंच पिवळा कोनफ्लॉवर’ म्हणून निदान चार वेगळी झाडं विकली जातात. चारही सूर्यफुलाच्या कुळातली, चारही मूळची उत्तर अमेरिकेची, पण पाणी आणि जागा यांची गरज प्रत्येकाची निराळी.

रॅटिबिडा पिन्नाटा : ३ ते ५ फूट. दांडे सडपातळ, पानं चिरलेली आणि खरखरीत. पाकळ्या अगदी सरळ खाली लोंबतात, बॅडमिंटनच्या फुलासारख्या. मधला शंकू आधी राखाडी-हिरवा, मग तपकिरी. तुम्हाला फोटोत बहुतेक हाच दिसला असणार.

रुडबेकिया लॅसिनिएटा : ५ ते ९ फूट. पानं मोठी, खोल चिरलेली. मधला भाग हिरवट-पिवळा, आधी घुमटासारखा आणि मग उंच होत जाणारा. पाकळ्या झुकतात, पण रॅटिबिडाइतक्या नाही. जमिनीखालच्या खोडांनी पसरतो.

रुडबेकिया मॅक्सिमा : पानांचा निळसर-राखाडी, कोबीच्या पानांसारखा गुळगुळीत झुबका खाली, आणि त्यातून ५ ते ७ फुटांचे जवळपास उघडे दांडे वर. शंकू काळपट तपकिरी, चांगला दीड-दोन इंच उंच.

एकायनेशिया पॅराडॉक्सा : त्या प्रजातीतला एकटाच पिवळा, बाकी सगळे जांभळे-गुलाबी. म्हणूनच नावात ‘पॅराडॉक्सा’. पण हा २ ते ३ फूटच, मागच्या रांगेच्या कामाचा नाही.

तुमच्या मातीला पहिला. चिकण मातीत, उन्हात, पाण्याची हेळसांड झाली तरी उभा राहतो तो रॅटिबिडाच.

खुरपं

वाफसा यांना अनुमोदन. रोप हातात असेल आणि फूल नसेल, तर ओळखायची सोपी युक्ती : दांड्यावरून बोट फिरवा. रॅटिबिडाचा दांडा बारीक राठ केसांमुळे मांजराच्या जिभेसारखा लागतो. लॅसिनिएटाचा दांडा गुळगुळीत असतो, कोवळ्यावर कधी कधी पांढुरकी मेणचट झाक, बोटाने पुसली तर जाते. मॅक्सिमाचं तर पान पाहिल्यावर दुसऱ्या कशाशी गल्लत होतच नाही.

फुलावर आलेल्या झाडाची खात्री करायची तर रॅटिबिडाचा शंकू चिमटीत चुरडून हुंगा. बडीशेपेसारखा वास येतो. रुडबेकियाला तो वास नाही. एकायनेशियाचा शंकू चुरडायला गेलात तर बोटाला टोचेल, त्याचं नावच मुळी अंगभर काटे असलेल्या हेजहॉगच्या ग्रीक नावावरून आलं आहे.

अंकुर_२

‘हर्ब्स्टसोन’ नावाचा एक पिवळा दिसतो, तो कशात बसतो? पट्टीवर कधी रुडबेकिया नायटिडा लिहिलेलं असतं, कधी लॅसिनिएटा.

वाफसा

दोन्ही नावांनी विकला जातो. लागवडीच्या दृष्टीने त्याला लॅसिनिएटाच्या बाजूचा धरा : ५ ते ७ फूट, ओलावा लागतो, अंतर ७५ ते ९० सें.मी. ‘गोल्डक्वेले’ हा लॅसिनिएटाचा भरगच्च पाकळ्यांचा बुटका प्रकार, ३ ते ४ फूट, एका जागी ठोंब करून राहणारा. ‘हॉर्टेन्सिया’ ऊर्फ ‘गोल्डन ग्लो’ जुना, उंच, गड्डीदार फुलांचा. पावसात त्याची फुलं पाणी पिऊन जड होतात आणि अख्खा दांडा वाकतो. आधार द्यायचा कंटाळा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

भरगच्च फुलांबद्दल आणखी एक : त्यांत मधल्या नळीदार फुलांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे मधमाश्यांच्या हाती फारसं काही लागत नाही आणि बीही नगण्य धरतं.

काळी_माती

लॅसिनिएटा लावणाऱ्यांसाठी एक इशारा इथेच नोंदवतो. हा मूळ प्रदेशाबाहेर ओढ्याकाठी, ओलसर कुरणांत मोकाट सुटतो. मध्य युरोपात ही तक्रार जुनी आहे. जपानमध्ये तर २००६ पासून त्याची लागवड, साठवण आणि वाहतूक यांवर कायद्याने बंदी आहे. तुम्ही राहता तिथली यादी आधी पाहा. आणि कुठेही असलात तरी उपटलेली मुळं ओढ्यात, नाल्यात, मोकळ्या रानात टाकायची नाहीत. बोटभर तुकड्यालाही डोळा असला तर फुटवा येतो.

गुरं-घोडी चरतात अशा कुंपणालगतही नको. जनावरांना बाधल्याच्या नोंदी आहेत.

रानफूल

धन्यवाद. मग रॅटिबिडा पक्का. आता बी की रोप, आणि वाफ्यात किती?

खुरपं

अंतर ४५ सें.मी. धरा, नागमोडी रांगा. तुमच्या वाफ्यात पूर्ण भरायचे तर १५-१६ बसतील. फक्त मागची रांग हवी तर ६ किंवा ७ पुरे. लॅसिनिएटा असता तर ९० सें.मी. अंतराने तीनच.

नवीन माणूस रॅटिबिडाची रोपं हटकून विरळ लावतो, पुस्तकात वाचून ६० सें.मी. एकट्या रोपाला चहूकडून जागा मिळाली की ते बाहेरच्या बाजूला तोल जाईपर्यंत कलतं. ४५ वर लावलेली एकमेकांना टेकून उभी राहतात. पडण्याचा पहिला इलाज हा, काठी नंतर.

बी परवडतं. रॅटिबिडाचं बी बारीक, एका ग्रॅममध्ये साधारण हजार भरतात. १६ रोपांसाठी ५०-६० बिया पेरल्या तरी चिक्कार. फक्त धीर हवा : बियांपासून केलेलं रोप पहिल्या वर्षी पानांचा झुबकाच करतं, फूल दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी ‘वांझ निघालं’ म्हणून उपटून टाकणारे पुष्कळ आहेत.

बीजांकुर

बियांचं मी सविस्तर लिहिते, कारण ‘पेरलं पण उगवलंच नाही’ यामागे दहात नऊ वेळा एकच कारण असतं. या बीला गार आणि ओल्या विश्रांतीची गरज असते. गार पण कोरडं ठेवून उपयोग नाही, ओलं पण ऊबदार ठेवूनही नाही. दोन्ही एकदम हवं. फ्रीजमध्ये पाकीटच्या पाकीट ठेवून ‘महिनाभर थंडी दिली’ म्हणणं म्हणजे बी नुसतं साठवणं झालं.

पद्धत : एक चमचा बी, तीन-चार चमचे धुतलेली बारीक वाळू. वाळू आधी भिजवून मुठीत घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांच्या फटीतून थेंब गळता कामा नये. गळला तर आणखी कोरडी वाळू मिसळा. बी त्यात कालवून झिपच्या पिशवीत भरा, पिशवीवर नाव आणि तारीख लिहा. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, १ ते ५ अंश सेल्सिअस. फ्रीझरमध्ये नाही! रॅटिबिडा आणि लॅसिनिएटा यांना ३० दिवस. एकायनेशिया पॅराडॉक्साला जास्त, ६० ते ९० दिवस.

दर आठवड्याला पिशवी उघडून हवा खेळू द्या आणि डोळ्यांजवळ धरून पाहा. बीच्या टोकाला पांढरा, सुईच्या अग्रासारखा ठिपका दिसला की तो मोडाचा. असे दोन-चार जरी दिसले तरी दिवस मोजत बसू नका, सगळं पेरून टाका. मूळ लांबलं की वाळूतून वेगळं करताना तुटतं.

पेरताना वाळूसकट पसरा. बी गाडायचं नाही. उजेड मिळाला तर उगवण चांगली होते, म्हणून वर फार तर दोन-तीन मिलिमीटर चाळलेलं कंपोस्ट किंवा नुसतं तळहाताने दाबून मातीला चिकटवणं. पाणी वरून झारीने नाही, बी वाहून कोपऱ्यात गोळा होतं. ट्रे पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवा, पृष्ठभाग काळसर दिसला की काढा. १८ ते २१ अंशांत १० ते २० दिवसांत उगवतं.

अंकुर_२

जिथे हिवाळ्यात खरी थंडी पडते तिथे हे फ्रीजचं नाटक लागतं का?

बीजांकुर

नाही. तिथे शरद संपत आला, जमीन गार झाली की सरळ वाफ्यात पेरा, निसर्ग आपोआप करतो. तण काढून माती उघडी करायची, बी टाकायचं, पायाने दाबायचं, बस. मात्र बी जास्त लागतं, कारण पाखरं आणि मुंग्या आपला वाटा घेतात. आणि वसंतात उगवलेलं रोप कोणतं, तण कोणतं हे ओळखू यावं म्हणून ओळीत पेरा. फेकून पेरलेला वाफा निंदताना तणाबरोबर रोपंही जातात.

दलांनंतरची (बीतून सर्वांत आधी निघणाऱ्या दोन जाडसर पानांनंतरची) पहिली पानं अखंड असतात. चिरा पडलेली पानं नंतर येतात. ‘पान चिरलेलं नाही, म्हणजे हे तण’ असं समजू नका.

वाफसा

रोप ट्रेमधून हलवायचं कधी : खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्यावर, ५ ते ७ सें.मी.च्या कपात. दांड्याला धरायचं नाही, दलाला धरायचं. दल फाटलं तर चालतं, दांडा चेंगरला तर रोप गेलंच. बाहेर काढण्याआधी ७ ते १० दिवस हळूहळू ऊन-वारा दाखवा, पहिल्या दिवशी तासभर, तेही सावलीत.

काळी_माती

चिकण मातीबद्दल, कारण इथे चुकीचे सल्ले फार चालतात.

एक : खड्ड्याच्या तळाशी वाळू-खडीचा थर द्यायचा नाही. निचरा सुधारेल असं वाटतं, होतं उलट. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या जाड थरात तेव्हाच उतरतं, जेव्हा वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होते. म्हणजे मुळांशी डबकं तयार होतं. दोन : फक्त खड्ड्यातली माती भुसभुशीत करून भोवती घट्ट चिकण ठेवलीत तर तो खड्डा नसून कुंडी झाली, पाणी तिथेच साचणार. सुधारायचा तर अख्खा वाफा सुधारा. ४-५ सें.मी. कुजलेलं कंपोस्ट पसरून २० सें.मी. खोलीपर्यंत कालवा, तेही वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावरच. ओली चिकण खणली की ढेकळं विटांसारखी वाळतात आणि वर्षभर तशीच राहतात.

वाफसा ओळखायचा कसा : मूठभर माती दाबा, गोळ्याला अंगठ्याने टोचा. फुटला तर खणा, नुसता खड्डा पडला तर दोन दिवस थांबा.

पाणी खरोखरच साचत असेल तर वाफा १५-२० सें.मी. उंच करा. रॅटिबिडा चिकण मातीला घाबरत नाही, हिवाळ्यात बुडाशी साचून राहिलेल्या पाण्याला घाबरतो. झाड सुप्तावस्थेत असताना मुळं पाणी उचलत नाहीत, मग कूस, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, कुजते.

आणि लावताना रोपाची कूस जमिनीच्या बरोबर पातळीत. खड्डा पिशवीच्या दुप्पट रुंद, पण खोली तेवढीच. ‘पडू नये म्हणून जरा खोल लावलं’ हे या झाडाला मानवत नाही. आच्छादन ५ सें.मी., तेही कुशीपासून चार बोटं लांब.

रानफूल

४-५ सें.मी. कंपोस्ट म्हणजे या वाफ्याला किती? आणि खत दर महिन्याला द्यायचं का?

काळी_माती

३ × १.२ म्हणजे ३.६ चौरस मीटर. ४ सें.मी. थराला सुमारे १४५ लिटर. आणि हे एकदाच, वाफा करताना. खताचं वाफसा सांगतील, त्यांचा आवडता विषय.

वाफसा

आवडता नाही, नावडता! खत द्यायचंच नाही.

हे झाड उंच गवतांच्या कुरणातलं. तिथे अन्नावर आणि उजेडावर गवतांशी झटापट असते, बाजूंनी गवतांचा टेकू असतो. बागेत आणून आपण त्याला शेणखत देतो, रोज पाणी देतो, शेजारी कोणी ठेवत नाही. नत्र मिळालं की पेरांमधलं अंतर वाढतं, पेशी मोठ्या आणि भिंती पातळ होतात. दांडा उंच होतो पण पोकळ बांध्याचा. त्यात टोकाला दहा-बारा फुलं. वारा निमित्त होतो, झाड पडतं ते आपल्या लाडाने.

तेव्हा रॅटिबिडाला वाफा करतानाचं कंपोस्ट शेवटचं. लॅसिनिएटा आणि हर्ब्स्टसोनला दर वसंतात २ सें.मी. कंपोस्ट चालेल, ती खादाड झाडं आहेत. युरिया किंवा लॉनला घालतात ते नत्रयुक्त खत कुणालाच नाही. जवळच्या हिरवळीला खत फेकलं जात असेल तर ते या वाफ्यात उडत नाही ना, तेवढं पाहा.

सावलीतलं_झाड

ऊन अर्धा दिवस असेल तर?

वाफसा

सहा तासांच्या खाली रॅटिबिडा उजेडाकडे मान काढतो आणि तिकडेच पडतो. चार-पाच तास ऊन असेल तर लॅसिनिएटा लावा, त्याला थोडी सावली चालते. रानफूल यांच्याकडे मागे भिंत आहे हेही लक्षात घ्या. उजेड एकाच बाजूने येणार, झाडं भिंतीपासून पुढे कलणार. पहिली रांग भिंतीपासून ४५ सें.मी. तरी पुढे घ्या, हवाही खेळेल.

खुरपं

आता शेंडा खुडण्याबद्दल. इथे वाफसा यांच्याशी माझं जमणार नाही हे माहीत आहे, तरी लिहितो.

वसंताच्या शेवटी दांडे ४५ ते ६० सें.मी. झाले की वरचा तिसरा हिस्सा कापायचा, पानाच्या बरोबर वर. प्रत्येक दांड्याला दोन-तीन फांद्या फुटतात, उंची फूट-दीड फुटाने कमी राहते, फुलं दोन-तीन आठवडे उशिरा आणि जरा लहान, पण संख्येने जास्त. पुढच्या निम्म्या दांड्यांना कापलं आणि मागचे तसेच ठेवले तर बहर लांबतो आणि पुढचे मागच्यांना टेकू देतात. कळ्या दिसू लागल्यावर मात्र कात्री लावायची नाही, त्या हंगामाची फुलं गेली समजा.

वाफसा

लॅसिनिएटा आणि हर्ब्स्टसोनला शंभर टक्के मान्य. रॅटिबिडाचं सौंदर्यच त्या उघड्या, लवचीक दांड्यांत आहे. कापल्यावर झुडूप होतं. पडत असेल तर कापा, उभं असेल तर कात्री लांब ठेवा. आणि मॅक्सिमाला अजिबात नाही. त्याचा फुलाचा दांडा एकदा कापला की खालच्या झुबक्यातून त्या वर्षी तसा दुसरा भरवशाने येत नाही.

खुरपं

मॅक्सिमाबद्दल +१.

आधारच द्यायचा तर वेळेवर. झाड गुडघ्याइतकं असताना. पडलेलं झाड उचलून काठीला आवळलं की झाडूसारखं दिसतं, शिवाय पडल्यावर दोन दिवसांत शेंडे वर वळलेले असतात, ते पुन्हा सरळ होत नाहीत. ठोंबाभोवती चार काठ्या, जमिनीत ३० सें.मी., वर ९० सें.मी. पहिली सुतळी ४० सें.मी. उंचीवर, दुसरी ७५ वर. सुतळी काठीला घट्ट, दांड्याभोवती आठच्या आकड्यात सैल. अंतिम उंचीच्या दोन-तृतीयांशाला आधार पुरतो, वरचं वाऱ्यावर डोललं पाहिजे. डोलण्यानेच दांडा कणखर होतो.

काठ्या नकोच असतील तर पॅनिकम किंवा लिटल ब्लूस्टेमसारखी ताठ उभी राहणारी गवतं मध्ये मध्ये लावा. तीन रॅटिबिडांमागे एक गवत.

अंकुर_२

पाण्याचं कोणी नीट आकड्यात सांगेल का? ‘गरजेनुसार’ सोडून.

काळी_माती

लावल्यापासून पहिले सहा आठवडे : आठवड्यातून दोनदा, माती १५-२० सें.मी. खोल भिजेल इतकं. त्यानंतर रॅटिबिडाला पाऊस पुरेसा नसेल तर दहा-पंधरा दिवसांतून एकदा. जम बसलेल्या झाडाला कोरड काढता येते. लॅसिनिएटाला आठवड्याला २५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर, पाऊस धरून. ते एकदम द्या. रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि उंच झाडाला वरची मुळं म्हणजे पुन्हा पडणं आलंच.

लॅसिनिएटाची मोठी पानं दुपारी मान टाकतात. संध्याकाळी सावरली तर पाण्याची गरज नाही. पहाटेही मलूल असतील तर बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं तर मूळ कुजतंय, पाणी बंद.

सावलीतलं_झाड

दांड्याच्या वरच्या भागावर लालभडक किडे, दाटीवाटीने. पिवळ्या फुलाखाली लाल रंग चांगला दिसतो पण ते काय आहे?

मधुबन

मावा. या गटातल्या झाडांवरचा खास लाल मावा आहे, ‘गोल्डनग्लो एफिड’ म्हणतात. दिसायला भयंकर, पण जम बसलेल्या झाडाचं फारसं वाकडं करत नाही. आधी पाण्याची जोरदार धार, दांडा दुसऱ्या हाताने मागून धरून, नाहीतर धारेनेच मोडतो. तीन दिवस लागोपाठ. पुरलं नाही तर एक लिटर पाण्यात ५ ते १० मि.ली. फवारणीचा साबण, माव्याच्या अंगावर बसेल असा, संध्याकाळी. उमललेल्या फुलांवर नाही. गर्दीत काळ्या-नारिंगी, मगरीच्या पिल्लासारख्या अळ्या फिरताना दिसल्या तर काहीच फवारू नका. त्या ढालकिड्याच्या अळ्या, तुमचं काम त्याच करतील.

भुरीही इथेच सांगते. हंगामाच्या शेवटी खालच्या पानांवर पांढरी पावडर, लॅसिनिएटावर जास्त. पानं ओली राहिल्याने होते हा समज चुकीचा. भुरीला पान ओलं लागत नाही. दमट हवा, दाटी आणि मुळाशी कोरड असं त्रिकूट जमलं की येते. म्हणून वसंतात ठोंबातल्या प्रत्येक तीन फुटव्यांतला एक बारीकसा जमिनीलगत कापा. आलीच तर पोटॅशियम बायकार्बोनेट ५ ग्रॅम लिटरला, साबणाचे दोन थेंब. पसरण्याआधी दिलं तर उपयोग. गंधक वापरणार असाल तर तापमान ३० अंशांवर असताना नाही, आणि तेलाच्या फवाऱ्यापासून दोन आठवडे अंतर ठेवून. नाहीतर पानं भाजतात.

बीजांकुर

पाकळ्याच हिरव्या आल्या आणि शंकूतून पानांचा झुपका निघाला तर?

मधुबन

मग झाड काढा, त्याच दिवशी. तो ‘अ‍ॅस्टर यलोज’, तुडतुड्यांमार्फत पसरणारा फायटोप्लाझ्मा, म्हणजे झाडाच्या आत राहणारा जिवाणूसारखा सूक्ष्मजीव. औषध नाही. फांदी कापून उपयोग नाही, तो रसवाहिन्यांत सगळीकडे असतो. ठोंब फोडून वाटलेल्या प्रत्येक रोपात जातो. मुळासकट उपटा आणि लगेच पिशवीत बांधा, कारण हिरवं असेतो तुडतुडे त्यावर रस शोषून शेजारच्या झाडावर जातात. पूर्ण वाळल्यावर मात्र धोका उरत नाही, तो जिवंत पेशीबाहेर जगत नाही.

एकायनेशियात एक सूक्ष्म कोळीही (माइट) असंच रूप करतो, पण झुपके फक्त शंकूवर आणि पानं-दांडे तजेलदार असतील तर तो कोळी असायची शक्यता. तिथे सगळी फुलं खुडून नष्ट करून पुढच्या वर्षी पाहता येतं. संपूर्ण झाड पिवळं, खुजं दिसलं तर शंका घेऊ नका, काढा.

रानफूल

फुलं संपल्यावर खुडायची की ठेवायची?

बीजांकुर

शंकू जवळून पाहा म्हणजे उत्तर मिळेल. पाकळ्या वांझ असतात, बी धरतं ते शंकूवरच्या शेकडो बारीक फुलांत. ती खालून वर उमलत जातात : आधी बुडाशी तपकिरी कडं दिसतं, ते रोज थोडं वर सरकतं, टोक शेवटपर्यंत राखाडी. कडं टोकाला पोचलं की त्या फुलाचं काम झालं. तोपर्यंत खुडलंत तर मधमाश्यांचं ताट काढून घेतलंत.

कडं टोकाला पोचल्यावर खुडलं तर खालच्या फुटव्यांवर आणखी फुलं येतात. हंगामातली शेवटची मात्र ठेवा. बी हवं असेल तर शंकू पूर्ण तपकिरी होऊन बोटांत चुरा होईपर्यंत थांबा, दांड्याला हात लावला की दाणे सुटतात. कागदी पिशवीत आठवडाभर वाळवा, चाळा, कोरड्या डब्यात गार जागी ठेवा. जातिवंत नावाच्या वाणाचं बी मात्र आईसारखं निघेलच असं नाही. हर्ब्स्टसोन, गोल्डक्वेले ठोंब फोडूनच वाढवा.

खुरपं

ठोंब फोडणं : लॅसिनिएटा दर तीन-चार वर्षांनी, वसंतात कोंब बोटभर असताना. मधला जून, लाकडी भाग टाकून कडेचे तुकडे घ्या, प्रत्येकाला ३ ते ५ कोंब. दरवर्षी ठोंबाभोवती फावडं उभं घालून बाहेर आलेली खोडं तोडा, ती वरच्या वितीतच असतात, सहज येतात. रॅटिबिडा फोडावा लागत नाही. पॅराडॉक्साचं सोटमूळ असतं, तो फोडू नका आणि हलवूही नका.

अंकुर_२

गच्चीवर कुंडीत?

खुरपं

गोल्डक्वेले, ३५-४० लिटरच्या जड कुंडीत. पॅराडॉक्सा, पण कुंडी खोल, ३० सें.मी.हून जास्त, आणि तिसरा हिस्सा खडी मिसळून. रॅटिबिडा कुंडीसकट उलटतो.

सावलीतलं_झाड

आणि जिथे थंडी नावालाच असते तिथे? पुस्तकात बहराचा काळ म्हणून दिलेला ‘मिडसमर’ म्हणजे आपला एप्रिल-मे नव्हे ना?

वाफसा

नव्हे. पुस्तकातला तो उत्तरेकडच्या थंड प्रदेशांचा जुलै-ऑगस्ट. सौम्य हिवाळ्याच्या जागी मॅक्सिमा त्यातल्या त्यात बरा, तो मूळचाच अमेरिकेच्या दक्षिण भागातला, आर्कान्सा, लुइझियाना, टेक्सासकडचा. बाकीच्यांना सुप्तावस्था मिळत नाही, दोन-तीन वर्षांत दमतात. तिथे बी फ्रीजमधून काढून दरवर्षी थोडी नवी रोपं तयार ठेवावी लागतात.

रानफूल

पिशवी आज फ्रीजमध्ये ठेवली. वाळू मुठीत दाबली तेव्हा एक थेंब गळला. पुन्हा करू का?

बीजांकुर

एकच थेंब असेल तर पिशवीचं तोंड तासभर उघडं ठेवा आणि परत दाबून पाहा. पिशवीच्या आतल्या बाजूला दव धरलेलं चालतं, तळाशी पाणी जमलेलं चालत नाही. आणि कप्प्यात मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे बर्फ धरतो.